खुंटीवरचा तांबडा पटका

गेनबा,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत तुझ्याविषयी तीन गोष्टी सांगितल्या गेल्या, आणि तिन्ही खोट्या होत्या. पत्रावळीसमोर बसून वाद घालू नये एवढे तारतम्य माझ्यापाशी आहे; म्हणून मी बुंदी संपेपर्यंत गप्प राहिलो आणि हात धुता धुता तिन्हींना एकदमच हरकत घेतली. तुझा मेहुणा बापूराव हातातला तांब्या तसाच धरून म्हणाला, "वकील, तेराव्याला बी भांडताय व्हय? मान्सानं सुखानं जावं तरी कसं?" मी म्हणालो, "गेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. म्हणूनच."

मी वकील नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक होते? कर्जतच्या कचेरीबाहेर लिंबाच्या सावलीत बसून लोकांचे अर्ज लिहून देण्यात माझी हयात गेली. "वकील" हे नाव तू ठेवलेस, तेही चिडवायला. आणि ते मिरजगावात असे रूढ झाले की माझे खरे नाव घेऊन कोणी पाहुणा आला तर आमच्या घरातलीच माणसे "असं हितं कुनी ऱ्हात न्हाई" म्हणून त्याला वाटेला लावतील.

तर पहिली गोष्ट. बापूरावाने पंगतीत सांगितले की, परवाच्या दुष्काळात गेनबाने आपली कबुतरे रांधून खाल्ली. लोक हसले. मी हसलो नाही, कारण त्या दुष्काळातली प्रत्येक संध्याकाळ मी माझ्या माळवदावरून पाहिलेली आहे. तू पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचास. एका हाती हातोडा, दुसऱ्या हाती झाकणाची पाटी आणि पाटीत तुझा तो लाडका निळा नर, "तलाठी". मनाला येईल तेव्हाच दर्शन देतो म्हणून तू त्याला हे नाव दिले होतेस. काम सुटले की तू झाकण काढायचास आणि पाखरू तुझ्या पुढे घरी यायचे. ते छपरावर उतरलेले दिसले की सारजावहिनी चुलीवर तवा ठेवत. तू बांधावरून पाय ओढत दारात यायचास तेव्हा पहिली भाकर तव्यावरून उतरत असे. या थाटाबद्दल मी तुला टोकले होते. तू म्हणालास, "वकिला, सायबाला शिपाई असतो. मला तलाठी हाय."

त्या वर्षी वाटपात आलेली ती परदेशी ज्वारी, लाल मिलो, माणसांच्या घशाखाली उतरत नव्हती. तू ती भिजवलीस, वाळवलीस, आपल्या वाट्यातली मूठमूठ पाखरांना घातलीस आणि मला सांगितलेस, "पाखरं बी तोंड वाकडं करत्यात. मंजी माजीच जीभ वंगाळ न्हाई." अशा माणसाने कबुतरे रांधली असती, तर भाकर केव्हा टाकायची हे वहिनींना कळले कसे असते? हा प्रश्न मी बापूरावाला विचारला. तो पुन्हा पंगतीत जाऊन बसला आणि दुसऱ्यांदा जेवला.

उरलेल्या दोन्ही गोष्टी आपल्या शर्यतीच्या आहेत. त्या खोडण्यापूर्वी मला थोडे मागे जावे लागेल, कारण शर्यत कबुतरांची असली तरी भांडण आपले होते आणि ते तिच्या फार आधीचे होते.

तुझ्या आणि माझ्या घरांमध्ये एक बोळ आहे, वीस पावलांचा. बोळाच्या अलीकडे, माझ्या माळवदावर, माझी कबुतरांची ढाबळ: सागवानी चौकट, बारीक तारेची जाळी, प्रत्येक जोडीला सारख्या मापाचा खण, पूर्वेला तोंड. तिचा नकाशा मी स्वतः काढला होता. बोळाच्या पलीकडे, तुझ्या छपराला टेकून, तुझी ढाबळ. तिला नकाशा असणे शक्यच नव्हते. रॉकेलचे कापलेले डबे, मोडक्या बैलगाडीच्या फळ्या, तरटाचा पडदा आणि खाली चार उंच मेढी. माझ्या ढाबळीला मी "कपोतगृह" म्हणत असे. तुझ्या ढाबळीला मी काय म्हणत असे ते इथे लिहीत नाही.

तरीही पावसाळ्यात सर्दी माझ्याच पाखरांना होत असे, हे मान्य करतो. मेढींमुळे तुझी ढाबळ खालून वाळत असे आणि फटींतून वारा खेळत असे. तू ते बुद्धीने केले नव्हतेस. तुझ्यापाशी फळ्या कमी होत्या, एवढेच त्याचे कारण.

एका पावसाळ्यात माझ्या चार पाखरांच्या तोंडात पिवळा पापुद्रा धरला आणि त्यांनी दाणा टाकला. मी रीतसर तालुक्याला अर्ज केला. तू बोळ ओलांडून आलास, वर चढलास, पाण्याचे भांडे उचलून नाकाशी नेलेस आणि म्हणालास, "वकिला, ह्या पान्यात तू तरी तोंड घालशील का?" मग तू आजारी चार वेगळी काढलीस, भांडी राखेने घासलीस, रोज दोनदा पाणी बदललेस, काडीला कापूस गुंडाळून त्यांच्या तोंडात हळद लावलीस. माझ्या अर्जाचे उत्तर आले तेव्हा त्यांतल्या दोघांना पिले झाली होती. तुझे आभार मानायचे त्या वेळी राहून गेले. कारण त्याच दिवशी तू मला न विचारता माझ्या पाण्यात लसणाची पाकळी टाकलीस आणि विषय बदलला.

लसूण! त्यावरून आपण किती वर्षे भांडलो? पाण्यात रोज एक पाकळी ठेचून टाकली की पाखराचे रक्त साफ राहते, हे तुझे म्हणणे. त्याने पाण्याला फक्त वास येतो, हे माझे. खणात तंबाखूच्या काड्या घातल्या की उवा पडत नाहीत, हे तुझे दुसरे म्हणणे. ते मात्र मी चोरून करून पाहिले आणि चोरूनच चालू ठेवले. आणि तिसरा वाद तर गावाला पाठ झाला होता: शर्यतीच्या नराला घराची ओढ कशाने लागते? मी म्हणे, त्याला आठ दिवस मादीपासून वेगळे ठेवावे आणि पाटीत घालण्याआधी क्षणभर तिचे दर्शन घडवावे. तू म्हणायचास, खणात आठ-दहा दिवसांची पिले असावीत, त्यांना गळ्यातून भरवायची त्याला सवय लागलेली असावी. "बायकूसाठी कुनी पळत येतं का, वकिला? लेकरासाठी येतं." यावर आतून सारजावहिनींचा आवाज आला, "व्हय, ते बघतीया की मी चाळीस वरसं."

हे सगळे एकदाचे निकालात काढावे म्हणून शर्यत ठरली. तुझा तलाठी, माझा पवनराज. जामखेडला बापूरावाने दोघांना एका वेळी सोडायचे. अटी मी स्टॅम्पपेपरावर लिहिल्या. कलम चौथे असे: पक्षी मालकाच्या हाती आल्याखेरीज तो घरी आला असे समजण्यात येणार नाही. कलम पाचवे: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या पद्धतीने वर्षभर पाणी ठेवावे. म्हणजे मी हरलो तर लसूण टाकायचा, तू हरलास तर लसूण बंद. तू अंगठा उठवलास आणि म्हणालास, "पाखराचा बी घे. उद्या मला ठावं नव्हतं म्हनंल."

शर्यतीच्या दिवशी पंचायत समितीचे विस्तार अधिकारी, मनगटावर घड्याळ असलेले, पंच म्हणून बोळात खुर्ची टाकून बसले होते. आदल्या संध्याकाळी मी तुला निरोप पाठवला होता: साहेब येणार आहेत, तो तांबडा पटका डोक्यावर ठेवू नकोस. आणि निरोपासोबत माझा दुसरा फेटा पाठवला, पांढरा, खळ घालून इस्त्री केलेला. इथे मी एक गोष्ट शपथेवर सांगतो. तेव्हा माझ्या मनात कपट नव्हते. मला फक्त लाज वाटत होती. तुझ्या त्या पटक्यावर तुझ्या सगळ्या पाखरांच्या तीन पिढ्यांनी आपापल्या खुणा सोडल्या होत्या, आणि साहेबांसमोर माझा मित्र तसा उभा राहावा हे मला नको होते. तू फेटा बांधलास आणि बोळापलीकडून ओरडलास, "वकिला, ह्यात डोकं माजं हाय का तुजं, तेच कळंना!"

आता बापूरावाची दुसरी गोष्ट: तलाठी वाट चुकला आणि दुसऱ्या दिवशी आला. हा ऐकीव पुरावा आहे. तलाठी आला तेव्हा बापूराव जामखेडच्या स्टँडवर रिकामी पाटी घेऊन उभा होता. मी माझ्या माळवदावर होतो आणि माझी नजर अजून शाबूत आहे. तलाठी पूर्वेकडून आला, एकटाच, पवनराजाचा मागमूस नसताना. त्याने एक घिरटी घातली, पंख मिटले आणि तुझ्या छपराच्या आढ्यावर बसला.

आणि बसूनच राहिला.

तू दाण्याचा डबा खुळखुळवलास. त्याने मान लांब केली, एक पाऊल पुढे टाकले आणि दोन मागे घेतली. तू "आऽ आऽ" केलेस. तू त्याच्या आईचा उद्धार केलास. तू खणातले पिलू काढून त्याला दाखवलेस. तो तुझ्याकडे असा पाहत होता, जणू त्याच्या घरात कोणी परका घुसला आहे. साहेब म्हणाले, "पक्षी तर आला की हो." मी म्हणालो, "हाती आलेला नाही. कलम चौथे." असा किती वेळ गेला ते साहेबांच्या घड्याळाला ठाऊक. मग पवनराज आला, आत शिरला, माझ्या मुठीत आला, आणि मी जिंकलो.

तिसरी गोष्ट सोसायटीच्या चेअरमनसाहेबांची. त्यांच्या मते तू मनाचा मोठा, म्हणून तू मुद्दामच वेगळा फेटा बांधलास आणि मित्राला जिंकू दिलेस. पंगतीत यावर बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गेनबा, तू मनाचा मोठा होतास. पण कबुतरांच्या बाबतीत तू कोणाला एक अंडेसुद्धा कधी सोडले नाहीस. हरल्यावर पाचव्या कलमाप्रमाणे तू पाण्यातला लसूण बंद केलास आणि दुसऱ्याच दिवसापासून तो दाण्यात कालवू लागलास. "कागदावर पानी लिवलंय, दानं न्हाई," असे मला ऐकवलेस. असा माणूस मुद्दाम हरला म्हणणे ही तुझी बदनामी आहे, आणि मी ती चेअरमनसाहेबांच्या तोंडावर खोडून काढली.

तिन्ही गोष्टी खोडल्या. पण एक प्रश्न मला कोणीच विचारला नाही, आणि पंगतभर मला त्याचीच धास्ती होती: तलाठी आढ्यावर बसला होता, तेव्हा वकील काय करत होते?

सांगतो. त्याने पहिल्यांदा मान लांब करून पाऊल मागे घेतले, त्याच क्षणी मला उमगले. पाखरू चेहरा पाहत नाही, डोक्यावरचा रंग पाहते. माझीच पाखरे एकदा माझ्या काळ्या टोपीला बुजून दिवसभर लिंबावर बसली होती. तुला ते ठाऊक नव्हते, कारण तू जन्मात दुसरा पटका बांधला नव्हतास. आणि तुझे दार सताड उघडे होते, गेनबा. माझ्या माळवदावरून मला तुझ्या सोप्यातली खुंटी दिसत होती आणि खुंटीला तांबडा पटका दिसत होता. मला दोनच शब्द उच्चारायचे होते: पटका बदल. मी घसा खाकरला. साहेबांनी मान वर करून विचारले, "काही म्हणालात?"

मी म्हणालो, "नाही."

संध्याकाळी तू माझा फेटा घडी करून परत दिलास, आपला पटका गुंडाळलास, दाणे घालायला वर चढलास, आणि तलाठी थेट तुझ्या खांद्यावर येऊन बसला. मग बोळापलीकडून मला विचारलेस, "वकिला, तुला ठावं हुतं का रं?" मी म्हणालो, "चौथे कलम बघ."

पुढे तू ते पुन्हा पुन्हा विचारलेस. खडीच्या ढिगावर बसून विचारलेस, बाजारात भर गर्दीत विचारलेस. शेवटच्या आठवड्यात खाटेवर, छातीत घरघर होत असताना, डोळे मिचकावून विचारलेस, "वकिला, त्या पटक्याचं..." मी म्हणालो, "आधी बरा हो, मग बोलू." तू बरा झाला असतास तरी मी बोललो असतो की नाही, कोण जाणे.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला हाक मारली. "भावजी, ही पाखरं न्या तुमच्याकडं. वर घुमत्यात अन मला आत बसवंना." मी तुझी सात पाखरे पाटीतून बोळापलीकडे नेली. मोठे पाखरू एकदा घर धरले की ते सोडत नाही, हे मी चार जणांना शिकवलेले. तरी मला वाटले, माझ्यासारख्याची ढाबळ पाहून ती विचार बदलतील. उत्तम बाजरी घातली, करडई घातली, ताजे पाणी ठेवले, तुझ्या कालच्या तेराव्यापर्यंत कोंडून ठेवले. आज सकाळी दार उघडले. सातही पाखरे उठली, बोळ ओलांडला आणि तुझ्या आढ्यावर जाऊन बसली. माझ्या आतिथ्याचा एवढा झटपट निकाल कोणीच लावलेला नाही.

मी तुझ्या अंगणात आलो, तुझ्या ढाबळीचे दार खालूनच दोरीने उघडून ठेवले, डबा खुळखुळवला. ती आत जाईनात. दुपार झाली, ऊन कलले. उघड्या छपरावर रात्र काढली तर मांजर त्यांतली निम्मी नेणार, हे मला दिसत होते. तुझ्या मागे तुझी पाखरे माझ्या हातून मांजराच्या तोंडी गेली, ही गोष्ट बापूरावाने पुढच्या पंगतीत सांगितली असती, आणि ती खरी असती. मी पांढरा फेटा सावरला, "आऽ आऽ" केले. तलाठ्याने मान लांब केली, एक पाऊल पुढे टाकले आणि दोन मागे घेतली.

मागे वहिनी उभ्या होत्या. हातात तुझा पटका. "ह्यो बांधा, भावजी." मी हात पुढे केला नाही. त्या म्हणाल्या, "त्या दिशी बी हितंच हुता. खुंटीला."

मी विचारले, "गेनबाला कळलं होतं?"

"त्याच राती म्हनले, वकील खाकरला, पन बोलला न्हाई."

"मग मला सारखं विचारत का होता?"

"म्हनायचे, सगळ्या गावाचं अर्ज लिवतोय, एक बारी आपल्या तोंडानं कबूल करतोय का बगू." मग त्यांनी शिडी भिंतीला टेकवली. "चढा आता. जपून. अजून एक तेरावं माज्यानं व्हायचं न्हाई."

मी फेटा उतरवला आणि तुझा पटका बांधला. त्याला तंबाखूच्या काड्यांचा वास होता, विष्ठेचा होता, तुझा होता. वर चढलो. माझ्या "आऽ आऽ"ला कोणी दाद देईना, तेव्हा तू ज्या शब्दांनी त्यांना बोलवायचास त्यांतले दोन उच्चारावे लागले. असले शब्द मी आजवर कोणत्याही अर्जात लिहिलेले नाहीत. वहिनींनी खालून सांगितले, "मोट्यानं!" मी मोठ्याने उच्चारले. तलाठी उठला आणि माझ्या खांद्यावर येऊन बसला. मागोमाग सहाही आत गेली.

त्याचे डोके माझ्या कानाशी होते. मी म्हणालो, "ठाऊक होतं. तेव्हाच ठाऊक होतं."

खाली तव्याचा आवाज झाला. उतरून पाहतो तो वहिनी चुलीपुढे, तवा तापलेला, हात पिठाच्या परातीत आणि नजर दारावर. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "पाखरू उतरलेलं बगितलं अन हात गेला." मग त्यांनी पीठ ओढले. "ठिवलाच हाय तवा. बसा. दोन खाऊन जावा." मी तुझा पटका डोक्यावर ठेवूनच जेवलो, उतरवायचे लक्षात राहिले नाही, आणि वहिनींनी तो परत मागितला नाही.

घरी येऊन पेटीतला स्टॅम्पपेपर काढला. निकालाच्या ओळीवर रेघ मारली, वर "तलाठी" असे लिहिले आणि खाडाखोडीशेजारी सही केली. तुझी पाखरे तुझ्याच ढाबळीत राहतील; सकाळ-संध्याकाळ मी बोळ ओलांडून येईन, तांबडा पटका बांधून. गावाने हसायचे तेवढे हसावे.

आणि कलम पाचवे मला लागू होते. उद्यापासून वर्षभर माझ्या कपोतगृहातल्या पाण्यात रोज लसणाची एक पाकळी पडेल. तिचा काडीचा उपयोग नसतो, हे माझे म्हणणे कायम आहे.